टॅप्सी दर वेळी वेगळा का येतो? उजव्या बाजूच्या इकोतली नेहमीची अडचण

पेशंट तोच, गोळ्या त्याच. मागच्या महिन्यात इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) टॅप्सी, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा (आरव्ही) कसा आकुंचन पावतो ते सांगणारा आकडा, १९ मिलिमीटर लिहिलेला, आज १४ येतोय, आणि मधल्या काळात दुसरीकडे कुणी इको केला तिथे १७. फाइल हातात घेऊन फिजिशियन फोन करतात, "मॅडम, आरव्ही बिघडलाय की सुधारलाय, नक्की काय समजू?" नातेवाईक तोवर धास्तावलेले, कारण रिपोर्टच्या तळाशी 'आरव्ही डिस्फंक्शन' (आरव्हीचं काम बिघडलंय) असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. कोल्हापुरात आणि गडहिंग्लज, आजरा, गारगोटी, मलकापूरकडे इको करणाऱ्या सहकाऱ्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. शिकाऊ डॉक्टर तर अगदी रडकुंडीला येतात. म्हणून तो सोडवायचा क्रम इथे लिहून ठेवते. हे इको करणाऱ्यांसाठी आहे. पेशंट वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगेन, की दोन रिपोर्टमधला फरक पाहून स्वतःहून गोळ्या कमी-जास्त करू नका.

उत्तर आधीच सांगते. अशा बहुतेक वेळी हृदय होतं तसंच असतं, प्रोबखालचं (छातीवर फिरवायच्या यंत्राखालचं) दृश्य बदललेलं असतं. त्यानंतर नंबर लागतो कर्सरच्या, म्हणजे पडद्यावरच्या मोजायच्या रेघेच्या, कोनाचा, आणि मग पेशंटच्या त्या दिवशीच्या अवस्थेचा. हे तिन्ही तपासून झाल्यावर जो फरक उरेल तो खरा, आणि तो मात्र अजिबात हलक्यात घ्यायचा नाही.

आधी दृश्य

आरव्ही हा चंद्रकोरीच्या आकाराचा, डाव्या वेंट्रिकलला (डाव्या खालच्या कप्प्याला) पुढून कवटाळून बसलेला कप्पा. रक्त आत येण्याचा भाग एका पातळीत आणि बाहेर जाण्याचा दुसऱ्या, त्यामुळे तो कुठल्याही एका दृश्यात पूर्ण मावत नाही. डाव्या बाजूसाठीचा फोर-चेंबर, म्हणजे चारही कप्पे एकत्र दाखवणारं दृश्य, आपल्या हाताला इतका सवयीचा झालेला असतो, की तो मिळाला की काम झालं असं वाटतं. त्यात उजवी बाजू कडेला दिसते, तिथेच आपण कर्सर टाकतो, मोजतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. गोम इथेच आहे. मनगट जरासं फिरलं तरी त्याच फोर-चेंबरमध्ये आरव्हीची रुंदी बरीच बदलते. एका ठिकाणी बेस, म्हणजे झडपेजवळचा रुंद भाग, ३४ मिलिमीटर भरेल, प्रोब किंचित फिरवला की ४३. दोन्ही दृश्यं दिसायला सुरेख. ४१ च्या वर गेला की मोठा म्हणायचं असा संकेत आहे, म्हणजे त्याच कॉटवर, त्याच मिनिटात नॉर्मल माणूस पेशंट ठरू शकतो.

यासाठीच आरव्ही-फोकस्ड व्ह्यू (आरव्हीवरच रोखलेलं दृश्य) आहे आणि तो रोज काढायची सवय लागली पाहिजे. पेशंटला डाव्या कुशीवर नीट वळवा, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगा. नेहमीचा फोर-चेंबर मिळाला की प्रोब थोडा काखेच्या बाजूला सरकवा. डाव्या वेंट्रिकलचं टोक सेक्टरच्या (पडद्यावरच्या पंख्याच्या आकाराच्या चित्राच्या) मध्यावर धरून ठेवा आणि आता फक्त फिरवा, अगदी सावकाश, आरव्हीचा बेस जास्तीत जास्त रुंद दिसेपर्यंत. तिथे थांबा. महाधमनीचा मार्ग उघडलेला दिसू लागला तर तुम्ही फार पुढे आलात. कोरोनरी सायनस (हृदयाच्या मागची मोठी शीर) दिसू लागला तर फार मागे गेलात. आरव्हीची बाहेरची भिंत, म्हणजे फ्री वॉल, ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे. ती आकुंचन पावताना सेक्टरच्या बाहेर पळत असेल तर त्या क्लिपवर काहीच मोजू नका.

एफएसी मोजताना, म्हणजे भरलेल्या आणि आकुंचन पावलेल्या आरव्हीच्या क्षेत्रफळातला टक्क्यांतला फरक काढताना, याच दृश्याची सगळ्यात जास्त गरज लागते. ३५ टक्क्यांच्या खाली गेला की कमी. इथे आणखी एक चूक सर्रास दिसते. आरव्हीच्या आत ट्रॅबेक्युला (स्नायूंचे उंचवटे) भरपूर असतात, टोकाकडे मॉडरेटर बँड (स्नायूचा आडवा पट्टा) असतो. रेघ ओढताना हे सगळं पोकळीच्या आत धरायचं. एका फ्रेममध्ये रेघ ट्रॅबेक्युलाच्या आतून आणि दुसऱ्या फ्रेममध्ये बाहेरून ओढली, तर एफएसीचा आकडा कुठेही जाऊ शकतो, आणि मग टॅप्सीशी त्याचं पटत नाही म्हणून आपण मशीनला दोष देतो.

कर्सरची रेघ

टॅप्सी म्हणजे ट्रायकस्पिड (उजव्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेच्या बाहेरच्या कडेचं टोकाकडे होणारं सरकणं. १७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कमी धरायचं, हे २०१५ च्या अमेरिकन आणि युरोपियन इको संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शनातलं. त्याआधीच्या २०१० च्या अमेरिकन मार्गदर्शनात हाच उंबरठा १६ होता. जुन्या रिपोर्टमध्ये १६.५ ला 'नॉर्मल' लिहिलेलं असेल आणि आज त्याच आकड्याला 'कमी' म्हटलं जात असेल, तर तिथे कुणाचंच चुकलेलं नाही. रिपोर्टचा साचा कुठल्या सालचा आहे ते बघा.

एम-मोडची (एकाच रेघेवरची हालचाल काळानुसार दाखवणाऱ्या पद्धतीची) रेघ मात्र त्या कडेच्या हालचालीच्या दिशेतच पाहिजे. कोन पडला की आकडा घटतो, आणि किती घटतो याचा हिशेब सोपा आहे. खरी हालचाल २० मिलिमीटर आणि कोन ३० अंशांचा, तर मशीनला दिसणार सुमारे १७. कोन ४० अंशांचा झाला तर सुमारे १५. म्हणजे धडधाकट आरव्हीला केवळ कोनामुळे रोगी ठरवता येतं. मोठ्या झालेल्या आरव्हीत हा कोन हमखास पडतो, कारण बाहेरची भिंत तिरकी होते. अशा वेळी प्रोब आणखी बाहेर न्या किंवा एक बरगडी वर-खाली करून बघा. तरीही रेघ जुळत नसेल तर तो टॅप्सी लिहूच नका. रिकामी जागा चालते, चुकीचा आकडा वर्षानुवर्षं फाइलमध्ये राहतो.

रेघ झडपेच्या पाकळीवर पडली की उलटं होतं. पाकळी फडफडते, आकडा फुगतो. कडेचा चकचकीत ठिपका आधी टू-डीवर (साध्या हलत्या चित्रावर) डोळ्यांनी पकडा, त्यावरून रेघ न्या, मग एम-मोडचं बटण दाबा. मोजताना एकाच काठावरून मोजा. रेषेच्या वरच्या काठावरून सुरुवात केली तर शेवटही वरच्याच काठावर, नाहीतर रेषेच्या जाडीइतका फरक फुकटचा येतो.

आणि ईसीजीची वायर. गर्दीच्या ओपीडीत ती मशीनच्या मागे लोंबकळत असते, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. ईसीजी नसेल तर ठोक्याची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हे अंदाजानं ठरतं. तीन चिकट पॅड लावायला अर्धा मिनिट लागतो, तो द्याच.

टिश्यू डॉपलरचा एस प्राइम, म्हणजे आकुंचनातला त्याच कडेचा वेग, सोबत घ्या. सेकंदाला ९.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर कमी. तोही कोनावर अवलंबून आहे, त्यामुळे टॅप्सीच्या चुकीवर तो औषध नाही. कोन वाकडा असेल तर दोन्ही एकदमच कमी येतील आणि आपल्याला उगाच खात्री वाटेल. एस प्राइम घेताना पहिलं टोकदार शिखर मोजू नका. ते झडप बंद होतानाचं, रक्त बाहेर पडायच्या आधीचं असतं. त्यानंतरची रुंद लाट ती खरी.

पेशंटची त्या दिवशीची अवस्था

दृश्य आणि कोन दोन्ही ठीक असूनही आकडा हलला, तर आता पेशंटकडे बघा. आरव्ही हा भाराला फार लवकर बधतो. त्याची भिंत पातळ, सवय कमी दाबाची. समोर फुप्फुसातला दाब वाढला की तो लगेच ढेपाळतो आणि दाब उतरला की सावरतो. मागच्या वेळी पेशंटला ऑक्सिजन चालू होता का? पाणी काढायची गोळी तेव्हा सुरू झाली होती का? डायलिसिसच्या आधी इको झाला की नंतर? आयसीयूत व्हेंटिलेटरवर असताना पाठीवर झोपवून काढलेला आकडा आणि ओपीडीत कुशीवर काढलेला आकडा यांची तुलना करताना फार जपून.

नाडी अनियमित असेल, एएफ असेल, तर एकाच ठोक्यावरून मोजू नका. किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्या. श्वासाचंही तेच. श्वास घेतला की उजव्या बाजूला रक्त जास्त येतं, कप्पा फुगतो, टीआरचा (ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा) वेग वाढतो. शांत श्वास सोडल्यावर मोजायचं ठरवा आणि तसंच कायम मोजा. धाप लागलेल्या माणसाला "श्वास रोखा" म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्यापेक्षा काही ठोके रेकॉर्ड करा आणि त्यातला योग्य ठोका निवडा.

रिपोर्टवर बीपी, नाडीचा वेग, ताल आणि ऑक्सिजन लिहिणारे फार थोडे. चार शब्दांचं काम आहे. सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर फाइल उघडेल तेव्हा याच चार शब्दांनी त्याला कळेल, की १९ चा १४ का झाला.

टॅप्सी बरोबर मोजलाय, तरी फसवतोय

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे तंत्रात काही चूक नसते.

बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर टॅप्सी घसरतो आणि बऱ्याच जणांत तो पुढेही कमीच राहतो. उभ्या दिशेची हालचाल कमी होते, आडवी वाढते, एकूण काम मात्र बऱ्यापैकी टिकलेलं असतं. छातीवर उभा व्रण असलेला, मजेत जिना चढणारा माणूस, टॅप्सी ११ आणि एफएसी ४२ टक्के. त्याच्या रिपोर्टवर नुसत्या टॅप्सीवरून 'सीव्हिअर आरव्ही डिस्फंक्शन' लिहिणं म्हणजे त्या घरावर विनाकारण संकट आणणं. शर्ट वर केल्यावर व्रण दिसलाच पाहिजे आपल्याला, आणि रिपोर्टवरही तो उतरला पाहिजे.

याच्या उलट जोराची टीआर. झडपेतून रक्त मागे सांडायला मोकळी वाट असते, त्यामुळे आरव्हीला भार कमी पडतो आणि कडा खूप हलते. टॅप्सी २२ येतो, तोवर आतून स्नायू थकलेला असतो. डावा वेंट्रिकल जोरात हलत असला, तरी तो सगळं हृदयच ओढून नेतो आणि टॅप्सी उगाच चांगला दिसतो.

तिसरा प्रकार, ज्यात वेळ दवडून चालत नाही: फुप्फुसाच्या धमनीत अचानक अडकलेली गुठळी. यात फ्री वॉलचा मधला भाग थिजलेला असतो आणि टोक मात्र उड्या मारत असतं. मॅककॉनेल यांनी १९९६ मध्ये वर्णन केलेलं हे लक्षण डोळ्यांनी दिसतं, कुठलाही एक आकडा ते सांगत नाही. पाय सुजलेला, प्लास्टर घातलेला किंवा बाळंतीण पेशंट अचानक धापेनं आली आणि आरव्ही फुगलेला दिसला, तर भिंतीची जाडी मोजा. सबकॉस्टल (बरगड्यांखालून घेतलेल्या) दृश्यात ५ मिलिमीटरच्या वर असेल तर आजार जुना आहे. पातळ भिंतीचा, सवय नसलेला आरव्ही फार मोठा दाब तयार करू शकत नाही. म्हणून अचानकच्या गुठळीत टीआरचा ग्रेडियंट (गळणाऱ्या धारेच्या वेगावरून काढलेला दाबातला फरक) ६० मिलिमीटर पाऱ्याच्या खालीच राहतो आणि फुप्फुसाच्या धमनीतला अॅक्सिलरेशन टाइम (रक्ताचा वेग शिखराला पोचायला लागणारा वेळ) ६० मिलिसेकंदांच्या खाली उतरतो. ग्रेडियंट ८० असेल तर हे दुखणं आजचं नाही. मात्र जुन्या दुखण्यावर नवी गुठळी बसू शकते, म्हणून पेशंट अस्वस्थ असेल तर इकोवरच थांबू नका.

खालच्या भिंतीच्या हार्ट अटॅकमध्येही उजवी बाजू बघायची राहून जाते. बीपी कमी, फुप्फुसं कोरडी, मानेच्या शिरा फुगलेल्या, अशा पेशंटला जिभेखालची नायट्रेटची गोळी दिली की बीपी आणखी कोसळतं. उजव्या बाजूचा ईसीजी आणि आरव्हीची एक नजर, दोन्ही लगेच.

तेव्हा टॅप्सी, एस प्राइम आणि एफएसी, या तिघांतले किमान दोन आणि सोबत स्वतःच्या डोळ्यांचं मत, एवढं प्रत्येक रिपोर्टमध्ये असावं. तिघांचं पटत नसेल तर सरासरी काढू नका, का पटत नाही ते शोधा. बहुतेक वेळा वरच्याच कारणांत उत्तर सापडतं. स्ट्रेन (स्नायू किती टक्के आखूड होतो तो आकडा) काढत असाल तर फक्त फ्री वॉलचा काढलाय की मधल्या पडद्यासकट, हे लिहाच. दोन्हींचे आकडे वेगळे येतात, आणि नुसतं 'आरव्ही स्ट्रेन उणे १८' यावरून पुढच्याला काही बोध होत नाही. फ्री वॉलचा स्ट्रेन उणे २० पेक्षा कमकुवत असेल तर कमी. साध्या टू-डीवरून अंदाजानं 'आरव्ही ईएफ ५५ टक्के' (ईएफ म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर जातं) मात्र कुणी लिहू नये. त्या आकाराला डाव्या बाजूचं गणित लागू होत नाही. थ्री-डी असेल तर लिहा, तिथे ४५ च्या खाली कमी.

टीआरचा वेग

इथे छोटी चूक मोठी होते, कारण वेगाचा वर्ग करून त्याला ४ नं गुणायचं असतं. वेग सेकंदाला ३.० मीटर तर ग्रेडियंट ३६. आलेखाच्या कडेचा धूसर, विरळ भाग धरून ३.४ मोजला तर ४६. दाबातला दहा मिलिमीटर पाऱ्याचा हा फरक हृदयात कुठेही नाही, तो आपल्या गेन बटणात आहे. गेन कमी करा, दाट भागाचीच कड मोजा. एका दृश्यात आलेख अर्धवट असेल तर आरव्ही इनफ्लो, शॉर्ट अॅक्सिस (आडवा छेद), एपिकल (टोकाकडून), सबकॉस्टल असं सगळीकडून बघा आणि ज्यात तो पूर्ण आणि सर्वात वेगवान आहे तो घ्या. कुठेच पूर्ण मिळाला नाही तर 'मोजता आला नाही' असं लिहा. टीआर दिसली नाही म्हणजे दाब नॉर्मल, असं मात्र नाही.

जोराची टीआर असेल तर आलेख त्रिकोणी होतो आणि शिखर लवकर गाठतो. तिथे हे गणितच कोलमडतं, दाब कमी दाखवतो. तसंच आरव्ही अगदी थकला की तो दाब तयार करू शकत नाही. मागच्या वर्षी ७० असलेला दाब आज ४० आला आणि पेशंटचे पाय मात्र आणखी सुजलेत, तर त्याला सुधारणा म्हणू नका.

टॅप्सी आणि फुप्फुसाचा दाब यांचं गुणोत्तर हल्ली बऱ्याच रिपोर्टमध्ये येतं, आणि ते उपयोगाचं आहे. पण त्यात दोन्ही चुका एकत्र येतात. दाब ४५ आहे. टॅप्सी १९ असेल तर गुणोत्तर ०.४२, आणि १४ असेल तर ०.३१. फुप्फुसाच्या धमनीच्या उच्च दाबाच्या रुग्णांत जोखीम ठरवताना २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शनात ०.३२ ही एक सीमा आहे. म्हणजे तिरक्या कर्सरनं माणूस कमी जोखमीतून थेट मध्यम जोखमीच्या गटात जाऊन बसतो.

आयव्हीसीबद्दल (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेबद्दल) थोडक्यात. २१ मिलिमीटरपर्यंत आणि हुंगल्यावर निम्म्याहून जास्त दबली तर उजव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) दाब ३ मिलिमीटर पारा धरायचा. २१ च्या वर आणि निम्म्याहून कमी दबली तर १५. मधल्या अवस्थेत ८. हुंगताना यकृत खाली सरकतं आणि शीर दृश्यातून निसटते, तेव्हा ती दबल्यासारखी भासते. आडवं दृश्य घेऊन एकदा खात्री करा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला हे आकडे लावू नका.

धुराच्या छातीचे पेशंट

आपल्या भागात या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा छातीतच असतं. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायका, गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं सारणारे, फाउंड्रीत वाळूच्या धुळीत नोकरी काढलेले कामगार. फुप्फुसं हवेनं फुगलेली, बरगड्या वर उचललेल्या, हृदय उभं होऊन खाली सरकलेलं. नेहमीच्या जागी प्रोब ठेवला की पडद्यावर नुसता पांढरा धुरळा. मग घाईत जे काही फोर-चेंबर म्हणून मिळतं त्यावर टॅप्सी मोजला जातो, आणि दर वेळी वेगळं काहीतरी मिळत असल्यामुळे आकडाही दर वेळी वेगळा.

राधानगरीकडच्या एक मावशी अशाच आल्या होत्या. पिशवीत तीन रिपोर्ट, थर्मल कागदावरचे फोटो पुसट होत आलेले, आणि तीन टॅप्सी. कुशीवर वळल्या की धाप वाढायची. त्यांना पाठीवर निजवलं, डोक्याखाली जाड उशी दिली, गुडघे दुमडायला सांगितले म्हणजे पोट सैल पडतं, आणि प्रोब बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या बराच वर, जवळजवळ आडवा धरला. मावशी म्हणाल्या, "हार्टाचा फोटो पोटावरनं बघतासा व्हय?" म्हटलं, "व्हय मावशी, तुमचं हृदय इथनंच झ्याक दिसतंय." खरंच दिसत होतं. फ्री वॉल टोकापर्यंत स्पष्ट, जाडी ७ मिलिमीटर, आत आरव्ही डाव्याच्या बरोबरीचा, आकुंचन कमी पण तिन्ही रिपोर्टच्या मध्ये कुठेतरी बसणारं. शॉर्ट अॅक्सिसमध्ये मधला पडदा आकुंचनाच्या वेळी डावीकडे सपाट होत होता, म्हणजे दाबाचा भार. भरताना सपाट झाला असता तर जास्तीच्या रक्ताचा विचार करावा लागला असता, एएसडी (वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक) शोधावा लागला असता. आजार जुना होता, त्या तीन तारखांमध्ये काही अघटित घडलेलं नव्हतं. त्यांना गरज होती ती छातीच्या डॉक्टरांची, घरी ऑक्सिजन लागतोय का ते ठरवण्याची, आणि चुलीपासून लांब राहण्याची.

सबकॉस्टल दृश्यात टॅप्सी मात्र मोजू नका, कडा त्या दिशेला हलत नाही. तिथून आकार, भिंत, पडदा, आयव्हीसी आणि डोळ्यांचं मत घ्या. धुराच्या छातीच्या पेशंटचा इको मी तिथूनच सुरू करते, शेवटी उरलेल्या वेळात तिकडे वळत नाही.

लहान चणीच्या आज्यांच्या बाबतीत ४१ मिलिमीटरची सीमा आंधळेपणानं वापरू नका. ३८ चा बेसही त्या शरीराला मोठा असू शकतो. शेजारचा डावा वेंट्रिकल बघा. उजवा त्याच्या दोन-तृतीयांशाहून मोठा वाटतोय, हृदयाचं टोक उजव्यानं व्यापलंय, तर आकड्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

तालमीतली पोरं

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपले पैलवान. भरतीच्या किंवा मैदानाच्या आधी तपासणीला येतात, मोठी शरीरं, आयव्हीसी रुंद, आरव्हीचा बेस ४४. सराव करणाऱ्या खेळाडूंत हे दिसतं, लांब पल्ल्याच्या धावपटूंत आणि सायकलपटूंत तर आणखी जास्त. आयव्हीसी रुंद असली तरी हुंगल्यावर नीट दबते, भिंत सगळीकडे सारखी हलते, आणि पळवून परत बघितलं तर आरव्ही जोमानं काम करतो. अशा पोराला केवळ आकारावरून घरी बसवू नका. पण भिंतीचा एखादा तुकडाच थिजलेला किंवा बाहेर फुगणारा दिसला, सरावात चक्कर येऊन पडल्याचा इतिहास निघाला, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, किंवा ईसीजीत व्ही १ ते व्ही ३ मध्ये टी लाट उलटी असली, तर मात्र वस्तादांचा कितीही आग्रह असो, एमआरआय आणि हृदयतज्ज्ञांचं मत येईपर्यंत आखाडा बंद. हे वस्तादांना समोर बसवून समजावलं की ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे. पोरगं त्यांना लेकासारखं असतं.

पुन्हा इको करताना

जुना रिपोर्ट वाचून तुलना करू नका, जुनी क्लिप बघून करा. थर्मल फोटो दोन-चार वर्षांत फिका पडतो, त्यामुळे नेहमीच्या पेशंटना क्लिप सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर द्यायला सुरुवात करा. मशीनवर जुनी आणि नवी क्लिप शेजारीशेजारी लावा. बेस त्याच जागी कापलाय का, कर्सर त्याच कोनात आहे का, एवढं बघितलं तरी निम्म्या भानगडी तिथेच मिटतात. टॅप्सीतला दोनेक मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाच असू शकतो, त्यावर औषध बदलू नका. पाच मिलिमीटरचा फरक आला, दृश्य-कोन-अवस्था सारखी निघाली, आणि एफएसीही त्याच दिशेला गेला, तर तो खरा बदल समजून त्याच दिवशी फिजिशियनना फोन करा.

रिपोर्टमध्ये मी साधारण असं लिहिते: 'आरव्ही-फोकस्ड दृश्य मध्यम प्रतीचं. ताल एएफ, पाच ठोक्यांची सरासरी. बीपी ११०/७०, दोन लिटर ऑक्सिजनवर. टॅप्सी १५, कर्सर हालचालीच्या दिशेत. एफएसी ३३ टक्के. डोळ्यांनी आकुंचन सौम्य कमी. मागच्या क्लिपशी शेजारी ठेवून तुलना केली, लक्षणीय फरक नाही.'

इकोवर उत्तर मिळत नसेल, तर पुढे कुठे पाठवायचं हेही ठरलेलं असावं. आरव्हीचा आकार आणि ईएफ नेमकी हवी असेल, एएसडीनं किती फुगलाय किंवा स्नायूचा आजार आहे का हा प्रश्न असेल, तर कार्डिअॅक एमआरआय. फुप्फुसाच्या धमनीचा दाब खरोखर वाढलाय का, आणि त्यावरची खास औषधं सुरू करायची का, हा प्रश्न असेल तर उजव्या बाजूचं कॅथेटर (शिरेतून नळी घालून थेट दाब मोजणं). सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर आहे की नाही हे इको फक्त सुचवू शकतो, पक्कं कॅथेटरवरच होतं. पेशंटला पाठवताना चिठ्ठीत नुसतं 'आरव्ही डिस्फंक्शन' न लिहिता तुमच्या मनातला प्रश्न लिहा, आणि क्लिपचा पेनड्राइव्ह फाइलच्या कव्हरला चिकटवून द्या.